झाडांचे अनुदान मागावे का? दौलताबादच्या एका कापड व्यापाऱ्याचा हिशेब

मे महिन्यात दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक कमी असते. लग्नसराईचा माल उचलला गेलेला असतो, शाळेच्या गणवेशाचे गिऱ्हाईक अजून यायचे असते, आणि गादीवर बसल्या बसल्या गावच्या गोष्टी निघतात. आमचे दुकान शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणि घर दौलताबादला. रोज पंधरा किलोमीटर जाणे-येणे. त्यामुळे शहराची बातमी गावात आणि गावाची बातमी शहरात नेण्याचे काम आमच्याकडे आपोआप आले आहे. गेली काही वर्षे उन्हाळ्यात एक विषय हमखास निघतो. सरकार झाडे लावायला पैसे देते, मग आपल्या गावाने ते मागावेत की नाही?

एक बाजू म्हणते, सरकारी पैसा आहे, नाही मागितला तर दुसरे गाव नेईल. दुसरी बाजू म्हणते, माणसांना प्यायला टँकर लागतो तिथे झाडांना पाणी कुठून आणणार? फोटो निघतील, खड्डे राहतील. दोन्ही बाजूंचे लोक शहाणे आहेत आणि दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न दरवर्षी मृगाच्या पावसाबरोबर विरून जातो आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा उगवतो.

वाचकांना वाटेल, कापड विकणाऱ्याने झाडांवर का लिहावे? आमचे म्हणणे असे की अनुदान हाही एक व्यवहार आहे. देणारा आहे, घेणारा आहे, मुदत आहे, अटी आहेत. आमच्या धंद्यात गिरणीवाला 60 दिवसांच्या उधारीवर माल देतो तेव्हा ताके दारात उतरताना सगळ्यांना आनंद होतो. खरी परीक्षा एकसष्टाव्या दिवशी असते. झाडांच्या अनुदानालाही असा एकसष्टावा दिवस आहे आणि तो तिसऱ्या उन्हाळ्यात येतो. तो कोणी मोजत नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

दौलताबादला झाडे आणि सरकारी पैसा यांची ओळख नवी नाही. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून राजधानी इथे आणली, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावरून त्याला हसणेही सर्वांना ठाऊक आहे. पण इब्न बतूताचे सफरनामे आम्ही शाळकरी वयात उर्दूतून वाचले, त्यातली एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली. तो लिहितो की दिल्ली ते दौलताबाद हा रस्ता चाळीस दिवसांचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे होती, इतकी की चालणाऱ्याला आपण बागेतून चाललो आहोत असे वाटावे. त्याच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने डाकेच्या चौक्या होत्या आणि चौक्यांवर माणसे कायम वस्तीला होती. झाडांना पाणी कोण घालीत होते हे तो सांगत नाही. आमचा आपला अंदाज असा की जिथे माणूस राहतो, हातपाय धुतो, जनावराला पाणी पाजतो, तिथेच झाड जगले असेल. चौकी उठली की झाडही उठले असणार. आज त्या रस्त्यावरचे एकही झाड कोणी दाखवू शकणार नाही.

त्याच सफरनाम्यात आणखी एक प्रसंग आहे. दौलताबादच्या महसुलाचा ठेका एका गृहस्थाने सतरा कोटींना घेतला. वसुली झाली नाही. मालमत्ता जप्त झाली आणि त्याची कातडी सोलण्यात आली. आजच्या ठेकेदारांचे नशीब चांगले, एवढेच म्हणतो.

आमची दोनशे झाडे

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा दुकानदार एकत्र आलो आणि वर्गणी काढून रस्त्याच्या कडेला दोनशे रोपे लावायचे ठरवले. रोपे फुकट मिळाली. लोखंडी ट्री गार्ड मात्र विकत घ्यावे लागले आणि ते रोपांपेक्षा कितीतरी महाग पडले. गार्डवर देणगीदाराचे नाव रंगवायचे होते, म्हणून वर्गणी भराभर आली. पाण्याची वर्गणी मागितली तेव्हा लोक म्हणाले, पाऊस आहे की! पाण्यावर नाव रंगवता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले.

पहिला उन्हाळा आम्ही टँकर लावून काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर दोनदा आला. तिसऱ्या उन्हाळ्यात आलाच नाही. काही गार्ड रात्री भंगारात गेले, काही गार्डांना शेळ्या बांधलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. तिसऱ्या पावसाळ्यात आम्ही वही घेऊन मोजायला निघालो. दोनशेपैकी तेवीस जिवंत होती.

त्या तेवीस झाडांच्या जागा आम्ही मुद्दाम लिहून ठेवल्या. नऊ मशिदीच्या भिंतीलगत, जिथे वजूचे पाणी बाहेर पडते. सहा शाळेच्या नळाजवळ. पाच चहाच्या हॉटेलाच्या मोरीपाशी. दोन पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे, कारण ट्यूब बुडवायच्या टबातले पाणी तो रोज संध्याकाळी त्यांच्या मुळाशी ओततो. आणि एक लिंबाचे, जे कोणाच्याही मदतीशिवाय जगले, बहुधा आम्हाला खिजवण्यासाठी.

टँकरने जगवलेले एकही नव्हते. याचा अर्थ टँकर वाईट असा नाही. टँकर बोलवावा लागतो, आणि बोलावणारा माणूस तीन वर्षे त्याच उत्साहात राहत नाही. वजूचे पाणी पाच वेळा आपोआप येते.

कागद काय म्हणतो

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी आम्ही बाजारात शिकलो आणि सरकारी मराठी अजूनही पूर्ण येत नाही. म्हणून शेजारच्या एका निवृत्त गुरुजींना बसवून शासन निर्णय वाचून घेतले. जे समजले ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट ही की शहराचे दार वेगळे आणि गावाचे दार वेगळे. शहरांसाठी केंद्र सरकारची नगर वन योजना 2020 मध्ये आली. दहा ते पन्नास हेक्टरचे नगर वन, एक ते दहा हेक्टरची नगर वाटिका, आणि हेक्टरी चार लाख रुपये. हा पैसा कॅम्पा निधीतला, म्हणजे जिथे जंगल तोडून धरण, खाण किंवा रस्ता झाला त्यांच्याकडून भरून घेतलेला. शिवाय दहा लाखांवरील शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने हवा स्वच्छ करण्यासाठी जो निधी ठरवला, त्यात औरंगाबादचे नाव होते. महानगरपालिकेला 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि ते तोडायचे तर जितके वर्षांचे झाड तितकी नवी रोपे लावून सात वर्षे सांभाळावी लागतात. सात वर्षे! ही अट लिहिणाऱ्याने झाड वाढताना पाहिले असावे.

दौलताबाद मात्र ग्रामपंचायत आहे. तिला नगर वनाच्या दारात उभे राहता येत नाही. तिची दारे म्हणजे सामाजिक वनीकरण, रोजगार हमीची कामे, आणि राज्याच्या वेळोवेळी निघणाऱ्या मोहिमा. सामाजिक वनीकरणाचे खाते 1982 चे. सुरुवातीला त्याला अमेरिकेची मदत होती. त्या काळात सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांची लागवड गावोगाव झाली. पद्धत अशी होती की खात्याने गावाची जागा घ्यायची, झाडे लावून काही वर्षे सांभाळायची आणि मग ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची. ज्या पंचायतीने आपला राखणदार ठेवला तिथे झाडे टिकली, आणि जिथे नुसत्या कागदावर सही झाली तिथे सरपण झाले.

पुढे 2010 मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. ती आम्हाला व्यापारी म्हणून सर्वांत जास्त पटली. तिच्यात लोकसंख्येच्या हिशेबाने झाडे लावायची आणि जगवायची, पण तेवढ्यावर पैसे नाहीत. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली दाखवा, हागणदारी बंद करा, प्लास्टिक आवरा, मग अनुदान. काही लोकांना हा जुलूम वाटला. आम्हाला वाटत नाही. ज्या गावाची पाणीपट्टी थकली आहे ते गाव झाडाला पाणी घालणार कुठून? आमच्याच जिल्ह्यातले वाळूजजवळचे पाटोदा पाहा. कर भरणाऱ्याचे दळण पंचायतीच्या गिरणीत मोफत, ही त्या गावची युक्ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. कर वसूल झाला की पाणी येते, आणि पाणी आले की झाडाचे बोलता येते.

मग मोठ्या आकड्यांचा काळ आला. 2016 च्या 1 जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडांचे उद्दिष्ट, 2017 ला चार कोटी, 2018 ला तेरा कोटी, 2019 ला तेहतीस कोटी. 2021 मध्ये त्या तेहतीस कोटींची चौकशी करण्यासाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. कोण खरे, कोण खोटे, यात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा दुकानदारीचा आहे. विक्री मोजायची आणि वसुली मोजायची नाही, असे केले तर कोणतेही दुकान पहिल्या वर्षी फार जोरात चालल्यासारखे दिसते.

याच्या उलट भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना पाहा. ती 2018 ची, शेतकऱ्याच्या खाजगी बागेसाठी. तिच्यात अनुदान तीन वर्षांत वाटून देण्याची रीत ठेवली. पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 20, आणि पुढचा हप्ता झाडे जगली तरच. बागायतीत 90 टक्के, कोरडवाहूत 80 टक्के जिवंत दिसली पाहिजेत. बिहारात 2009 मध्ये रस्त्याकडेच्या झाडांसाठी याहून पुढची गोष्ट केली. दोनशे झाडांची राखण चार कुटुंबांकडे दिली आणि मजुरी जिवंत झाडांवर ठरवली. शंभरातली नव्वद जगली तर पूर्ण मजुरी, पाऊणशे-ऐंशी जगली तर अर्धी, त्याखाली राखणदार बदलायचा. आपल्याकडेही सामाजिक वनीकरणाच्या कामात बिहार पॅटर्न हा शब्द रुळला आहे. आमच्या गावाने काही मागायचेच असेल तर या नमुन्याचे मागावे. खड्ड्याला पैसे देणारे अनुदान सर्वांना आवडते, पण गावाच्या कामाचे ते आहे जे जिवंत झाडाला पैसे देते.

पाण्याचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घेऊ. समजा गावाने एक हजार रोपांचे अनुदान घेतले. आमच्याकडे पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, आणि जमीन मुरमाड. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत अठरा आठवडे होतात. एका रोपाला आठवड्यातून दोन वेळा दहा-दहा लिटर धरले तर छत्तीस पाळ्या, म्हणजे एका रोपाला 360 लिटर. हजार रोपांना 3 लाख 60 हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या छत्तीस खेपा. तीन उन्हाळ्यांच्या 108. टँकरचा दर वाचकांनी आपल्या गावचा, आणि तोही मे महिन्यातला धरावा, आणि मग अनुदानाच्या रकमेशेजारी तो आकडा लिहून पाहावा. बहुतेकांचा पेन इथेच थांबेल.

ज्यांनी 1972 पाहिले, किंवा 2012-13 आणि 2015-16 चे उन्हाळे ज्यांना आठवतात, त्यांना या छत्तीस खेपांचा अर्थ वेगळा समजवायला नको. त्या दिवसांत टँकरच्या नळीपुढे घागरींची रांग असते. त्या रांगेतल्या बाईसमोरून पाणी झाडाला नेण्याची हिंमत कोणत्याही सरपंचाला होणार नाही, आणि होऊही नये. शहराची गोष्ट याहून वेगळी नाही. तिथे जायकवाडीचे पाणी असूनही नळाला रोज पाणी येणे ही लोक विसरलेली गोष्ट झाली. नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या आकड्यावर झाले आणि खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला. त्यामुळे महानगरपालिकेने झाडांसाठी हात पसरला तर आम्ही पहिला प्रश्न हा विचारू की कांचनवाडीला जे सांडपाणी शुद्ध होते, त्यातले किती झाडांकडे वळवणार? त्याचे उत्तर अर्जात असेल तर अर्ज करावा.

गावात एवढे मोठे केंद्र नाही. पण मोऱ्या आहेत, नळ आहेत, मशिदी आहेत, हॉटेले आहेत, रसवंत्या आहेत. आमची तेवीस झाडे त्यांच्याच जिवावर उभी आहेत. शिवाय एक जुना उपाय आहे, मडक्याचा. रोपाजवळ पाच लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घालायची आणि आठवड्यातून एकदा भरायचे. वात पाणी थेंबाथेंबाने मुळाशी देते, वर ऊन ते पिऊन टाकत नाही. याचा हिशेब अठरा आठवड्यांना नव्वद लिटर. हजार रोपांना नऊ टँकर, छत्तीस नाहीत. वात मात्र खऱ्या सुताची पाहिजे. टेरिकॉटची वात पाणी नीट ओढत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे.

जागा कोणाची?

दौलताबादला पाण्याइतकाच अवघड प्रश्न जागेचा आहे. बाहेरच्या माणसाला इथे मोकळी जमीनच जमीन दिसते. पण किल्ला आणि त्याचे कोट पुरातत्त्व खात्याचे. स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी, असा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. रोप लावाल, पण कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी कशी बांधाल? शिवाय कोटाजवळ वड-पिंपळ लावणे म्हणजे शत्रूला शिडी देणे आहे. त्यांची मुळे दगडात शिरतात आणि सातशे वर्षे तोफांना न हललेला चिरा हलवतात.

डोंगराचा काही भाग वन खात्याचा. गायरान आहे, पण ते गुराढोरांचे. त्याला कुंपण घातले तर ज्याच्याकडे पाच शेळ्यांशिवाय काही नाही तो पहिला उठणार, आणि त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला राखणदारीची मजुरी द्या, तो स्वतःच शेळ्या वळवील. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली ती आधी ग्रामसभेत सर्वांना बसवून, आणि मग रोजगार हमीचा पैसा डोंगरात घातला. क्रम महत्त्वाचा आहे.

महामार्गाच्या कडेला तर पंचायतीने स्वतःचा एक पैसाही घालू नये. रस्ता आज ना उद्या रुंद होतो. अजिंठ्याचा रस्ता रुंद होताना किती जुने वड गेले ते आम्ही जाता-येता पाहिले आहे. महामार्गाकडेच्या झाडांसाठी केंद्राचे 2015 चे हरित महामार्ग धोरण आहे, त्यात प्रकल्पाच्या खर्चातून एक टक्का बाजूला काढण्याची तरतूद केली गेली. ते काम त्यांचे.

राहतात शाळांची आवारे, दवाखान्याचे आवार, स्मशानभूमी, कब्रस्ताने आणि लोकांची अंगणे. कब्रस्तानाबद्दल थोडे बोलतो. तिथे जागा आहे, भिंत आहे, राखणदार बहुधा आहे आणि जनाजाच्या वेळी उभे राहायला सावली नाही. पण जमीन वक्फची असेल तर नुसता मुतवल्ली हो म्हणून चालत नाही. वक्फ बोर्डाचे राज्य कार्यालय पाणचक्कीलाच आहे, तेव्हा परवानगीसाठी मुंबई-पुण्याला जावे लागते असे कारण आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी सांगू नये. परवानगीसाठी पाणचक्कीला गेलात तर तिथल्या वडाखालीही जरा उभे राहा. नहरीचे पाणी ज्याच्या पायाशी खेळले, त्या झाडाचा विस्तार पाहण्यासारखा आहे.

आणखी एक धोका आहे, आगीचा. एप्रिल 2025 मध्ये किल्ल्यावर आग लागली आणि वाळलेले गवत, झुडपे जळाली. झाडे लावून भोवतीचे गवत तसेच सोडले तर आपण जळण रचून ठेवतो. लागवडीभोवती गवत कापून मोकळा पट्टा ठेवणे, म्हणजे जाळरेषा, हा खर्च दरवर्षीचा आहे आणि अर्जात तो क्वचित दिसतो.

झाड कोणते?

यावर आमचे मत स्पष्ट आहे. जे झाड इथल्या कोणाच्या तरी घरी चार पैसे आणते ते आधी. दौलताबादच्या सीताफळाला जाहिरात लागत नाही. पावसाळा सरता सरता टोपल्या रस्त्यावर येतात आणि वेरूळला जाणाऱ्या गाड्या थांबतात. सीताफळाचे झाड मुरमात येते, कमी पाण्यावर तग धरते, आणि सर्वांत मोठे म्हणजे शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही. ट्री गार्डचा खर्च वाचला. पाच बाय पाच मीटरवर लावले तर हेक्टरी चारशे झाडे बसतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसू लागते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पुरंदरच्या अंजिराला मिळाला. अंजिराची तर दौलताबाद नावाची जातच आहे. नाव आपले आणि बाजार दुसऱ्याचा, असे होऊ द्यायचे की नाही हे गावाने ठरवावे.

कापडवाले म्हणून तुतीचाही विचार मनात येतो. हिमरू हा आमच्या शहराचा मान, सुती ताण्यावर रेशमाचा बाणा. पण रेशीम इथले नव्हते, बंगळूरकडून यायचे. 2018 मध्ये जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली. तुती हे शेतकऱ्याचे पीक आहे, गावाच्या सावलीचे झाड नाही, तेव्हा ते या अनुदानात मिसळू नये. मात्र ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी त्याची वेगळी चौकशी जरूर करावी.

सावलीसाठी लिंब, चिंच, वड. वड कोटापासून दूर. सावलीचा धंद्याशी काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याने मे महिन्यात किल्ल्याच्या पायथ्याशी फळे, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांजवळ अर्धा तास उभे राहावे. प्रवासी गाडीतून उतरतो, किल्ला पाहतो आणि पळत गाडीत शिरतो. सावली असती तर तो बसला असता, आणि बसलेला माणूस काही ना काही विकत घेतो. आमच्या दुकानात पंखा आणि पाण्याचा माठ का ठेवतो? गिऱ्हाइकाने दुसरा ताका उलगडायला सांगावे म्हणून.

अर्ज कसा करावा

तेव्हा आमचे उत्तर असे की अनुदान मागावे, पण हजार रोपांचे नाही. दीडशे-दोनशेचे मागावे. आणि खड्ड्यांची संख्या लिहिण्याआधी राखणदारांची यादी करावी. ज्याच्या दारात, मोरीपाशी, नळापाशी झाड राहणार त्याचे नाव, त्याची सही, त्याच्याकडे पाणी कोठून येते याची नोंद. जितकी नावे तितकीच रोपे. त्याच यादीवर तिन्ही वर्षांची जिवंत झाडांची मोजणी ग्रामसभेत वाचून दाखवावी, जसे आम्ही दिवाळीला खतावणी काढून येणे-देणे वाचतो. ज्याचे झाड मेले त्याला दंड नको, पण त्याची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यावी.

वेळेचेही पाहावे. जूनमध्ये ठराव करून जूनमध्येच रोपे लावता येत नाहीत. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यादी आणि ठराव, हिवाळ्यात कागद आणि परवानग्या, उन्हाळ्यात खड्डे घेऊन ते तापू द्यावेत, आणि मृगानंतर दोन चांगले पाऊस झाले की रोप. रोपही हातभर उंचीचे नको, कमरेपर्यंत आलेले मागावे. लहान रोप स्वस्त पडते आणि लवकर मरते, तेव्हा ते स्वस्त नाही.

गेल्या आठवड्यात ही यादी आम्ही नमुन्यादाखल करायला घेतली. दोन संध्याकाळी फिरलो आणि एकसष्ट नावे झाली. पंक्चरवाल्याने आधी विचारले, "चाचा, माझी दोन जुनी झाडे यात धरणार का?" आम्ही म्हणालो, नाही, कागदावर नवी रोपेच मोजतात. तो म्हणाला, मग आणखी दोन लिहा, टब तोच आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी दहा मागितली आणि आम्ही सहावर आणली, कारण नळ एकच आहे. एका हॉटेलवाल्याने साफ नकार दिला. झाड आले की खाली रिक्षा उभ्या राहतात, असे त्याचे म्हणणे. त्याचे नाव आम्ही लिहिले नाही.

मडक्यांसाठी कुंभाराशी बोलणे झाले आहे. वातींसाठी शुद्ध सुती कटपिसांचे एक पोते दुकानात वेगळे बांधून ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी येऊन न्यावे, पैसे नाहीत, फक्त किती रोपांसाठी नेले ते वहीत लिहून जावे.